पडद्याचा उजवा कोपरा

मी लोकांची नावं रंगवतो. तोच माझा धंदा. किराणा दुकान, कृषी केंद्र, मोबाइल दुरुस्ती, दातांचा दवाखाना, ट्रॅक्टरच्या मागची पाटी. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या दोन्ही अंगांना जी गावं आहेत, त्यांतल्या पुष्कळ पाट्या माझ्या हातच्या आहेत. मराठी अक्षरं मी अशीच शिकलो, आधी काढायला आणि मग वाचायला. शाळा माझी सहावीत सुटली, आणि ती शाळा या भाषेतली नव्हती, या देशातलीही नव्हती. म्हणून लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. इथे मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. माझं नाही, गावाचं नाही, गावातल्या माणसांचंही नाही. का नाही, तेच सांगायचं आहे.

मी तिबेटातला. माझा मामा तिकडे मठांच्या भिंती रंगवायचा. आई मला त्याच्याकडे पाठवायची, कारण शाळेत माझं लक्ष नव्हतं आणि मामाकडे निदान हात चालायचा. त्याने मला खडूची दोरी ताणून रेघ मारायला शिकवलं, चेहऱ्याची मापं शिकवली, कापड घासायला शिकवलं. डोळे मात्र कधी काढू दिले नाहीत. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते तोच काढायचा.

एकदा मामाच्या घरात आमच्या धर्मगुरूंची एक तसबीर सापडली. तळहाताएवढी. तिकडे ती ठेवता येत नाही. मामाला घेऊन गेले. सात महिन्यांनी सोडलं, तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. भिंत रंगवणाऱ्याचा हात वर जात नसेल तर त्याने काय करायचं? त्यानेच आईला सांगितलं, याला पाठवून दे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. डोंगर ओलांडून नेपाळात आलो, तिथून भारतात. वर पहाडात आमच्या लोकांच्या शाळेत मला लहान पोरांच्या वर्गात बसवलं, माझे गुडघे बाकाखाली मावत नसत. तिथूनही सुटलो. एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या हाताखाली आठ वर्षं काढली, आणि मग इकडे गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनीच्या बाजूला, आमच्या वसाहतीतल्या मंदिराची भिंत रंगवायला आलो. एक वर्षाचं काम होतं. पहिल्याच मे महिन्यात मला वाटलं, मी आता या उन्हात मरणार. मेलो नाही. गेलोही नाही.

आमच्या वसाहतीला इथे सगळे 'कॅम्प' म्हणतात. कॅम्पातले लोक दसरा झाला की स्वेटर विकायला शहरांत जातात ते संक्रांतीनंतर येतात. मी जात नाही. मला अनोळखी गर्दीत उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं जमत नाही. माझा जीव तसा भित्रा. रात्री दाराची कडी तीन-तीनदा उठून बघतो. राहण्याच्या परवान्याचं पुस्तक मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीखाली ठेवतो, आणि आठवड्यातून एकदा काढून बघतो, तारीख तीच आहे ना.

भिंतीचं काम संपत आलं तेव्हा कुठलासा पाहुणा आला होता. त्याने भिंतीसमोर माझा फोटो काढला. भिंतीवर धर्मगुरू होते, खाली मी ब्रश घेऊन. तो फोटो त्याने इंटरनेटवर टाकला, माझं नाव आणि माझ्या गावचं नाव लिहून. चांगल्याच मनाने. दोन महिन्यांनी तोच फोटो कागदावर छापून घेऊन दोन माणसं माझ्या आईच्या दारात उभी राहिली. माझ्या बहिणीला तालुक्याला नेलं. नऊ दिवस ठेवलं. ती सुटावी म्हणून आईने एका कागदावर अंगठा दिला, की माझा असा कुणी मुलगा नाही.

हे मला वर्षभराने कळलं. बहीण वर्षातून एक-दोनदा फोन करते, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, आईला दवाखान्यात नेते तेव्हा. तिने फार सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "चित्र काढ. पण तू काढलं हे कुणाला सांगू नकोस." तेव्हापासून मी पाट्याच रंगवतो. मंदिरासाठी काही केलं तर त्यावर तसंही नाव लिहायचं नसतं, आमच्यात ती पद्धतच नाही.

दुकानासाठी मी गावात सडकेच्या कडेची एक पडवी भाड्याने घेतली आहे. ज्यांची पडवी, त्या काकूंना मी मावशी म्हणतो. पोवारांचं घर. धानाची शेती, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर. घरात आपसांत त्या पोवारी बोलतात, माझ्याशी गावची बोली, आणि गोंदियाहून कुणी आलं की हिंदी. मी पहिल्यांदा जागा विचारायला गेलो तेव्हा मला वाटलं, कॅम्पातला माणूस म्हणून नाही म्हणतील. मावशी म्हणाल्या, "आमचे बी इथले नोहत. मालव्यातून आले म्हणतेत."

मी विचारलं, "मग कुणी परत नाही गेलं?"

"कायले जातीन? तठी गहू होते. गव्हासाठी कोण एवढं चालते?"

पडवी मिळाली.

आता पडद्याचं सांगतो. या भागात धान कापून झालं, दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, आणि दिवस मावळला की नाटक. बहुतेक गावं वडसा भागातल्या नाटक कंपन्या बोलावतात. आमचं गाव मात्र अजून स्वतःचं नाटक करतं. राजा म्हणजे दूध डेअरीवाला, प्रधान म्हणजे पोस्टमन, असं. नाटक मंडळाचा सेक्रेटरी कृषी केंद्र चालवतो. त्याच्या दुकानाची पाटी माझीच. दसऱ्याच्या आधी तो पडवीत आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "पेंटर, आपला दरबाराचा पडदा उंदरानं खाल्ला. सिंहासन पुरं गेलं. नवा करून दे."

"किती मोठा?"

"वीस बाय बारा."

"मला जमेल का, भाऊ?"

"काऊन नाई जमणार? मंदिराची भिंत कोणं रंगवली? मी पाहून आलो ना ती. देवाचे डोरे त असे काढले का मानूस चप्पल बाहेरच काढते."

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. कित्येक वर्षांनी अक्षरांपेक्षा मोठं काही हातात येणार होतं. दरबार. खांब, कमानी, सिंहासन. त्यात कुणाला पकडून नेण्यासारखं काही नव्हतं.

मावशीच्या खळ्यावर मांजरपाटाचं कापड पसरलं. मी मामाच्या पद्धतीने सुरू केलं. सरस आणि खडूचं पाणी लावायचं, वाळू द्यायचं, मग गुळगुळीत दगडाने घासत बसायचं, कापड बोटाला लोण्यासारखं लागेपर्यंत. हातभर कापडाला ते बरोबर आहे. वीस बाय बाराला मी पाच दिवस गुडघ्यांवर होतो. मावशी धानाच्या पेंढ्या मोजायला आल्या की थांबून बघायच्या.

"पडदा रंगवून राहिला का भांडं घासून राहिला?"

"असं केलं की रंग नीट बसतो, मावशी."

"बसंल. पण मंडई या वर्सी हाये, पुढच्या नाई."

सेक्रेटरीने तर डोक्याला हात लावला. "अरे यार, लोक पन्नास फुटांवरून पाह्यनार हायेत! तू का सोनार हाये?"

मग रेघा आखल्या, खांब उभे केले. लाल खांब, वर निळी-हिरवी नक्षी, आणि हात आपोआप गेला तसा खांबांच्या वर पांढरा ढग. आमच्याकडे मोकळी जागा दिसली की ढग येतोच. संध्याकाळी नाटकातले लोक बघायला आले आणि राजाने, म्हणजे डेअरीवाल्याने, विचारलं, "महालात धूर कायचा निंगून राहिला गा?"

"ढग आहे तो."

"छत गळते काय राजाचं?"

सगळे हसले, मीही हसलो. ढग पुसला. मग पोस्टमन म्हणाला, खांबाला सावली नाही. हे खरं होतं. आमच्या चित्रात सावली काढतच नाहीत. उजेड एका बाजूने येतो असं आम्ही धरतच नाही. मी हे समजावून सांगायला लागलो तर तो म्हणाला, "तुमच्या देवाले नसंल सावली. आमच्या राजाचा खांब उडून राहिला, त्याले खाली बसव." मग मी दुपारी मावशीच्या ओसरीच्या खांबासमोर बसलो आणि सावली कशी पडते ते बघत राहिलो. चाळिशीला आलेला माणूस, आयुष्यभर रंग हातात, आणि सावली बघायला पहिल्यांदा बसलो. फार बरं वाटलं. नवीन काही शिकायचं माझ्या वाट्याला येईल असं मला वाटलंच नव्हतं.

असा पडदा होत आला. दिवाळीच्या दोन दिवस आधी सेक्रेटरी आला, उजव्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "इथं नाव टाक आता."

इकडच्या पडद्यांवर ती पद्धत आहे. खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर. नाटक सुरू व्हायला नेहमी उशीर होतो, तोवर लोक शेंगदाणे खात तेच वाचत बसतात. एकेका पेंटरचं नाव पाच-पाच तालुक्यांत माहीत असतं ते त्यामुळेच. आणि पडद्यासमोर आता निम्मी माणसं मोबाइल धरून उभी असतात. गोंदियाचा एक जण तर पूर्ण नाटकच इंटरनेटवर टाकतो.

"नाव नको, भाऊ," मी म्हणालो.

"काऊन नको?"

"आमच्यात लिहीत नाहीत."

"ते तुमच्या देवाच्या चित्रावर. हा का देव हाये? हा दरबार हाये."

"तरी नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. खरं कारण माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मी गिळलं. सांगितलेली गोष्ट फिरते. चहाच्या टपरीवर जाते, तिथून बसमध्ये जाते. इथले लोक वाईट नाहीत, पण गप्प बसणं त्यांना येत नाही. आणि मला हीही भीती होती, की हा हसेल. अर्जुनीजवळच्या एका गावातला नाटकाचा पडदा आणि डोंगरापलीकडची माझी म्हातारी आई, याचा संबंध कुणाला पटणार?

"समजलं," सेक्रेटरी म्हणाला. "कॅम्पातलं काम मोठं, अन् आमचं नाटक हलकं. गावच्या पडद्यावर नाव टाकाले लाज वाटते."

"तसं नाही हो."

"मंग कसं?"

मी रंगाचे डबे झाकायला लागलो. तो मोटारसायकलवर बसून गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. या माणसाने मला पहिलं काम दिलं होतं. उन्हाळ्यात ताप आला तेव्हा त्यानेच गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं होतं. त्यालाच मी दुखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. नाटक मंडळाच्या ग्रुपवर पत्रिकेचा नमुना आला होता. सेक्रेटरी मनाने मोठा माणूस. रात्रभरात त्याने विचार केला असणार की पेंटर लाजतो आहे, आपणच त्याचा मान केला पाहिजे. पत्रिकेवर वर गणपती, मग नाटकाचं नाव, मग नटांचे गोल गोल फोटो, आणि खाली, राजाच्या फोटोएवढाच, माझा फोटो. कुणाच्या तरी लग्नात जेवताना काढलेला. त्याखाली माझं पूर्ण नाव, त्याच्या दुकानातून सिमकार्ड घेतलं होतं त्या कागदावर होतं तसंच. आणि त्याखाली लाल अक्षरांत, 'चीनच्या तावडीतून सुटून आलेले थोर तिबेटी कलाकार.'

ग्रुपवर लोक अंगठे आणि फुलं टाकत होते. शेवटी लिहिलं होतं, आज संध्याकाळी अर्जुनीला छापायला जाणार, चुका असतील तर कळवा.

मी खाली बसलो. हातातला ब्रश कुठे ठेवला ते आठवत नाही, नंतर तो रंगाच्या डब्यात नाही, पाण्याच्या तांब्यात सापडला. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, आईच्या दारातली दोन माणसं, आणि त्यांच्या हातात ही पत्रिका. मागच्या वेळी बहीण नऊ दिवस आत होती. आता आई ऐंशीच्या घरात आहे. आता तिला नेलं तर?

कॅम्पात जाऊन कुणाला विचारावं तर कॅम्प रिकामा. मोठी माणसं स्वेटर विकायला गेलेली, मागे दोन-चार म्हातारी आणि कुत्री. मी पडवीतून उठलो आणि मागच्या दाराने मावशीच्या अंगणात गेलो. त्या मंडईच्या पाहुण्यांसाठी सुपातल्या तांदळातले खडे वेचत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मामा, तसबीर, फोटो, बहीण, अंगठा. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मराठीत सांगायला जमेल असंही वाटलं नव्हतं, पण जमलं.

त्या मध्ये मध्ये विचारत होत्या, जशा कुणाच्या बाळंतपणाचं विचारतात तसं.

"बहीन सुटली ना पण?"

"सुटली."

"अन् मायचा अंगठा घेतला. का पोरगा नाई म्हून."

"हो."

त्यांचा हात तांदळात थांबला. "अन् मायनं देल्ला?"

"बहीण आत होती, मावशी."

"मंग देल्लाच पाह्यजे," त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवलं. "चाल."

"कुठे?"

"त्या दुकानदाराकडे. अर्जुनीले गेला असंल त पाय तोडीन त्याचे."

डोक्यावर पदर घेऊन त्या पुढे आणि मी मागे. दुकानात पाच-सहा शेतकरी हरभऱ्याचं बियाणं घ्यायला आले होते. एक म्हातारे बाबा खताच्या पोत्यावर बसले होते. सेक्रेटरी मोटारसायकलची किल्ली शोधत होता.

मला वाटलं, मावशी माझी कहाणी सगळ्यांसमोर सांगणार. त्यांनी वेगळंच विचारलं.

"काय गा, तुया मायनं तुया बापाचं नाव कधी घेतलं होतं?"

सेक्रेटरी गोंधळला. "नाई जी."

"कधीच?"

"कधीच नाई. शाळेत माया दाखल्याच्या वक्ताले मास्तरनं इचारलं, तवा बी शेजाऱ्यालेच पुढं केलं."

"काऊन? तिले लाज वाटे काय तुया बापाची?"

"लाज कायची? पहिलेच्या बायका नवऱ्याचं नाव नाई घेत."

"काऊन नाई घेत?"

पोत्यावरचे बाबा म्हणाले, "नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते म्हनत."

"हां," मावशी म्हणाल्या. "मी बी चाळीस वर्सं झाली, घेतलं नाई. आता खरंच कमी होते का नाई होत, देवाले ठाऊक. पन मी आपल्या तोंडानं कायले पाहू?"

मावशींनी माझ्याकडे मानेने दाखवलं. "याचं तसंच हाये. याचं नाव तू कागदावर छापलं त तिकडे याच्या मायले अन् बहिनीले भोगा लागते. एक डाव लागलं हाये. दुसऱ्या डाव होईल का नाई होईल, मले ठाऊक नाई, याले बी ठाऊक नाई. तू छापून पाह्यतो काय?"

सेक्रेटरीने माझ्याकडे पाहिलं. "खरं काय, पेंटर?"

"खरं आहे, भाऊ."

"नावानं?"

"नावानं आणि फोटोनं."

त्याने खिशातून मोबाइल काढला. पत्रिका ग्रुपवरून काढून टाकली. मग ज्यांनी ज्यांनी बघितली होती त्यांना तिथेच उभा राहून एकेकाला फोन लावला. "अबे, ते पत्रिका पुढं पाठवली काय? डिलीट कर. आता कर, मी लाइनवर हावो. इचारू नको." पोस्टमनने आपल्या साळ्याला पाठवली होती. साळ्याला फोन. साळा शेतात होता, त्याच्या बायकोने काढली. शेवटी अर्जुनीच्या प्रेसवाल्याला सांगितलं की खालचा फोटो आणि नाव उडव, त्या जागी फूल टाक. अर्धा तास लागला. बियाणं घ्यायला आलेले शेतकरी तोवर थांबले. एकही म्हणाला नाही की आम्हाला घाई आहे.

सगळं झाल्यावर सेक्रेटरी माझ्यावर उसळला. "एवढे वर्सं झाले, हे मले कायले नाई सांगितलं बे? मी का चीनचा हाये?"

पोत्यावरचे बाबा खोकेपर्यंत हसले. मलाही हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणी. मावशी म्हणाल्या, "झालं ना? मंग चाल, मायी भाजी चुलीवर हाये."

"अन् पडद्याच्या कोपऱ्यात काय टाकाचं?" सेक्रेटरी मागून ओरडला. "जागा खाली दिसते ना!"

"दिसू दे," मावशी म्हणाल्या.

मला मोकळी जागा ठेवता येत नाही. मी तिथे दरबाराच्या फरशीचे चार चौकोन वाढवले आणि त्यावर खांबाची लांब सावली आणून सोडली.

मंडईच्या दिवशी सकाळपासून भोंगा सुरू होता. सेक्रेटरीच माइकवर. त्याला माइक मिळाला की तो गावातल्या प्रत्येकाचं नाव घेतो. मंडपवाला, लाइटवाला, ज्याने बांबू दिले तो, ज्याने बांबू देतो म्हणून दिले नाहीत तोसुद्धा. दुपारी पडदा स्टेजवर चढवला, तेव्हा मी लोकांच्या मागे, बोरीच्या झाडाखाली उभा होतो. मला ठाऊक होतं की त्याला आता सगळं कळलं आहे. तरी बोलण्याच्या ओघात माणसाच्या तोंडून निघून जातं. माझ्या बाजूलाच एक जण मोबाइलवर सगळं काढत होता.

"अन् हा जो आपला नवा दरबार," भोंगा म्हणाला, "हा रंगवला आहे..."

थांबला. भोंग्यातून नुसती शिट्टी वाजली. मी डोळे मिटले.

"हा कोणं रंगवला ते मावशीले इचारा. पन ते सांगत नाई."

अख्खी मंडई हसली. कोण मावशी, हे गावाला सांगावं लागत नाही. आणि पाहुणे खरंच त्यांना जाऊन विचारू लागले. त्या दिवशी मावशींनी एकाला सांगितलं, नागऱ्याच्या महादेवाच्या देवळातला एक साधू आला होता. दुसऱ्याला सांगितलं, मीच रंगवला, म्हशी धुऊन झाल्यावर. सालेकशाहून आलेल्या त्यांच्या भाचीने फारच मागे लागून विचारलं, तर म्हणाल्या, "तुले काय कराचं हाये? लगन लावतं काय त्याच्यासंग?"

दिवस मावळल्यावर नाटक सुरू झालं. डेअरीवाला राजा आला, दोन वाक्यं बोलला आणि तिसरं विसरला. विसरला की तो काहीतरी टेकायला शोधतो. तो माझ्या खांबाला टेकायला गेला आणि कापडात घुसला. पूर्ण दरबार हलला. लोक शिट्ट्या मारत होते. मी पहिला अंक संपेपर्यंत बसलो, आणि बऱ्याच वर्षांनी त्या रात्री मी दाराची कडी एकदाच बघितली.

पण भीती अशी एका दिवसात जात नाही. पत्रिका ग्रुपवर तास-दीड तास होती. तेवढ्यात ती कुठे गेली नसेल कशावरून? दिवाळी गेली, धान मळून झालं, कॅम्पातले लोक स्वेटरच्या रिकाम्या गाठोड्यांसकट परत आले, आणि मी रोज मोबाइलकडे बघत होतो. बहिणीचा फोन या सुमाराला येतो. आला नाही तर काय समजायचं, ते मला माहीत होतं.

फोन माघात आला. सकाळची वेळ होती, मी एका पशुवैद्याची पाटी रंगवत होतो. फोनवर असं विचारता येत नाही, की कुणी आलं होतं का. म्हणून मी विचारलं, "आई झोपते का नीट?"

"झोपते," बहीण म्हणाली. "या थंडीत छान झोपली. गायीला कालवड झाली. कुणाची काही ये-जा नाही, आम्ही दोघी आणि गुरं." मग म्हणाली, "थांब, इथेच आहे ती."

त्या अंगठ्यानंतर आई कधी फोनवर आली नव्हती. असा मुलगा नाही म्हणून लिहून दिलेलं, मग बोलणार कुणाशी. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "तिथे थंडी आहे का?"

"फारशी नाही," मी म्हणालो. "सकाळी थोडी."

"मग जास्त अंगात घालू नकोस. घाम येतो आणि सर्दी होते. तुझी छाती लहानपणापासून तशीच आहे."

"नाही घालत."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन बहिणीकडे गेला, आणि मग बंद झाला.

मी स्वेटर घातला होता. तो काढला, खुंटीला लावला, आणि मावशी गच्चीवर लाखोळीची डाळ वाळत घालत होत्या, त्यांना सांगायला जिना चढलो.